टारफुला आणि आक्कांची मूठ

टारफुल्याचं फूल दिसायला गोड असतं, आणि माझा राग तिथूनच सुरू होतो. जोंधळ्याच्या बुडाशी वीतभर उंचीचं खरबरीत रोप, आणि त्यावर नाजूक पांढरी फुलं. एखाद्या पोरीनं हौसेनं केसात माळावीत अशी. आणि मान वर करून जोंधळा बघावा तर तो करपत चाललेला. पाऊस झालेला, जमीन ओली, ढेकूळ हातात घेतलं तर बोटांना चिकटतंय, आणि ताटं मात्र भर वैशाखात उभी असल्यासारखी पानं गुंडाळून उभी. रोप उपटून बघा, त्याच्याबरोबर जोंधळ्याचं मूळ बाहेर येतं. स्वतः काही कमवायचं नाही, दुसऱ्याच्या मुळाला तोंड लावायचं आणि वर फुलायचं. अशी माणसंही मी पुष्कळ पाहिली, पण ते पुढे येईलच.

लग्न होऊन मी चाकणच्या अलीकडच्या एका गावात आले. तिकडं पिंपरीला औषधांच्या कारखान्याच्या भिंती उठत होत्या, त्या काळातली ही गोष्ट. आज ज्या रस्त्यावर ट्रकांची रांग हलता हलत नाही, त्याच्या दोन्ही अंगांना तेव्हा बाजरी, जोंधळा आणि हुलगा होता. हे ऐकलं की आजकालची मंडळी उसासा टाकतात, म्हणतात, काय दिवस असतील ते. काय डोंबलाचे दिवस. हिरवं शेत दिसलं की यांना वाटतं सगळं गोडच असणार. आमच्या ओढ्याकडच्या शेतानं एका बाईचा जीव कसा टांगणीला लावला होता ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

ती बाई म्हणजे माझी थोरली जाऊ. मी त्यांना आक्का म्हणायचे. घरात सासू, सासरे, थोरले दीर, त्यांच्या या आक्का, माझा नवरा आणि मी, एवढीच माणसं. सासूला आम्ही दोघी आत्याबाई म्हणायचो आणि सासऱ्यांना मामंजी. आक्का माझ्याहून बऱ्याच मोठ्या, अंगानं काटक, बोलायला कमी. त्यांचं माहेर म्हटलं तर होतं, म्हटलं तर नव्हतं. आईबाप गेलेले, भाऊ होता, पण त्याच्या दारात उभं राहायची सोय नव्हती. भावजय भाकरी वाढायची, पण ताट आदळून वाढायची.

आमच्याकडे पेरणी पाभरीनं व्हायची. पुढं बैल, पाभरीच्या मागं एक बाई, आणि पाभरीवर लाकडाची वाटी, तिला चाडं म्हणतात. त्या चाड्याला खाली भोकं, भोकांतून नळ्या जमिनीत उतरलेल्या. मागून चालणाऱ्या बाईनं मुठीतून दाणे चाड्यात सोडायचे. ना जास्त, ना कमी. बैल रेटा देतात, जमीन वरखाली होते, पाय ढेकळात मुरगळतो, पण मूठ हलता कामा नये. मूठ चुकली तर कुठं दाट उगवतं, कुठं मोकळी पट्टी राहते आणि त्या मोकळ्या पट्टीत गवत माजतं. साऱ्या गावाला ते दिसतं. म्हणून घराघरातून मूठ धरणारी बाई ठरलेली असायची. पेरणीच्या सकाळी चाड्याला हळदकुंकू लावून तिचीही ओटी भरायचे. आमच्या घरात ती मूठ आक्कांची होती. आणि काय मूठ होती बाई ती. ओळीनं उगवलेला जोंधळा बघायला माणसं बांधावर थांबायची. शेजारच्या वस्तीवरचे लोक आपली पेरणी असली की मामंजींना सांगून आक्कांना बोलवून न्यायचे. त्या घरात आक्कांचं जे काही होतं, ते एवढंच. मूलबाळ नव्हतं.

आता ओढ्याकडच्या शेताचं सांगते. पूर्वी त्या शेतात एक वर्ष जोंधळा घेतला की दुसऱ्या वर्षी हुलगा, भुईमूग, नाहीतर तूर असायची. मी आले तोवर हे बंद झालं होतं. कारण कडबा. खडकी-पुण्याकडचे म्हशींचे गोठेवाले बैलगाड्या घेऊन यायचे आणि खळ्यावरूनच कडबा उचलायचे. मामंजींना त्याची चटक लागली. मग जोंधळ्यावर जोंधळा, जोंधळ्यावर जोंधळा, जमिनीला दम म्हणून नाही. बरं, खत तरी घालावं? शेणाच्या गोवऱ्या थापायच्या आणि त्याही विकायच्या. उकिरड्यात उरायचं ते राख आणि पाचोळा. असल्या रोडावलेल्या जमिनीत टारफुला नाही यायचा तर काय केवडा येणार?

पहिल्या वर्षी तो ओढ्याच्या कोपऱ्यात दिसला. दुसऱ्या वर्षी निम्म्या शेतात. आक्का आणि मी खुरपी घेऊन बसायचो. बाकीचं गवत बरं असतं, हराळी काय, कुर्डू काय, लव्हाळा काय, जमिनीवर दिसतं आणि त्याच्याशी भांडता येतं. हा मेला आधी जमिनीखाली कारभार उरकतो. बाहेर दिसेपर्यंत जोंधळ्याचं जे व्हायचं ते झालेलं असतं. तरी आम्ही उपटायचो, कारण फुलून बी धरलं तर पुढच्या वर्षीची सोय. त्याचं बी तपकिरीसारखं बारीक, वाऱ्यावर उडतं, पावलाला चिकटतं.

आणि उपटलेलं कुठं टाकायचं? तर आत्याबाईंचा कायदा, हिरवं फेकायचं नाही. भारा बांधायचा, घरी आणायचा, बैलांच्या गव्हाणीत टाकायचा. आक्का म्हणाल्या, "आत्याबाई, हे बी हाय. शेणातून परत शेतात जाईल. बांधाला जाळू या." आत्याबाई म्हणाल्या, "जाळायला तुझ्या बापानं कुरण दिलंय व्हय?" संपलं. बैलांनी खाल्लं, शेण पडलं, जे थोडंफार खत व्हायचं ते विहिरीजवळच्या शेतात गेलं आणि पुढच्या हंगामात तिथंही पांढरी फुलं हसायला लागली. ज्या शेतात कधी टारफुला नव्हता तिथं तो आमच्याच बैलांनी नेऊन पोचवला. सगळ्यांना दिसत होतं. पण दिसतंय तेच मानायचं असं कुठं असतं?

कारण शोधायला लागले तेव्हा यांना काय सापडलं? बाई सापडली. पाऊस चांगला, तरी पीक वाळतंय, म्हणजे काहीतरी बाधा. बाधा कशाची? तर पेरणाऱ्या हाताची. आत्याबाई एका दुपारी बांधावर आल्या. आम्ही दोघी ओळीत खुरपत होतो. त्यांनी कमरेवर हात ठेवून शेताकडे पाहिलं आणि मोठ्यानं, शेजारच्या शेतातल्या बायकांनाही ऐकू जाईल असं म्हणाल्या, "वांझेच्या मुठीत काय ऱ्हानार? जमिनीला बी वांझपण आलं."

माझ्या हातातलं खुरपं तिथंच थांबलं. आक्कांचं थांबलं नाही. त्या तशाच पुढं सरकत राहिल्या, एक रोप, दुसरं रोप. शेजारच्या बायकांच्या शेतातही तोच टारफुला होता आणि त्यांच्यापैकी पेरणाऱ्या बाईला सहा लेकरं होती. पण हे बोलायची सोय नव्हती. नवी सून मी. मीही परत खुरपायला लागले, आणि त्याचा राग मला आजही आहे.

त्यानंतर घरात कुजबूज सुरू झाली. थोरल्याचं दुसरं लग्न करायचं. दुसरी बायको करायला सरकारनं बंदी घातली होती म्हणे. असेल. सरकार मुंबईत. आमच्या गावात हळद लावायला सरकारला कोण विचारत होतं? आक्कांनी मला दळताना सांगितलं. जात्याचा खुंटा आम्ही दोघींनी धरला होता, म्हणून तोंडासमोर तोंड होतं.

"सवत आली तर आपून गोठ्याकडच्या खोलीत," त्या म्हणाल्या. "वरल्या आळीतली बघितलीस न्हवं?"

बघितली होती. वरच्या आळीत एका घरी पहिली बायको होती. तिला सगळे 'जुनी' म्हणायचे. शेण काढायची, पाणी भरायची, सवतीची पोरं न्हाऊमाखू घालायची आणि ताट मात्र सगळ्यांचं झाल्यावर. तिच्याशी नवरा बोलायचा नाही. तिच्या जगण्याला काही कारणच ठेवलं नव्हतं त्या लोकांनी. आक्कांना तिथं जायचं नव्हतं. बाकी त्यांना काही नको होतं. दागिना नको, लुगडं नको, फक्त 'जुनी' व्हायचं नव्हतं.

"थोरले दीर काय म्हणतात?" मी विचारलं.

"ते काय म्हणत्यात." एवढंच म्हणून त्यांनी जात्यात घास टाकला.

या थोरल्या दिरांविषयी मला काय वाटतं ते सरळ सांगते. माणूस वाईट नव्हता असं सगळे म्हणतात. दारू नाही, मारहाण नाही, कामाला वाघ. पण घरात बायकोची अब्रू चव्हाट्यावर काढली जात असताना जो तोंडात मिठाची गुळणी धरून बसतो, त्याला चांगला म्हणायची माझी तयारी नाही. एक शब्द. "मला दुसरी नको." त्यांच्या आईची काय टाप होती त्यापुढं बोलायची? तो एक शब्द त्यांच्याच्यानं निघाला नाही. भाकरी खायची, हात धुवायचा, बैल सोडायचे.

पुढच्या पेरणीला मला दिवस गेलेले होते. आत्याबाईंनी सकाळी चाड्याला हळदकुंकू लावलं, ओटीचं ताट घेतलं आणि आक्कांना ओलांडून माझ्यासमोर आल्या. "धाकटे, यंदा मूठ तू धर. भरल्या पोटाची मूठ लागू दे जमिनीला."

मी म्हटलं, "मला येत न्हाई."

"यीतंय. न येयाला काय हाय त्यात?"

आक्का माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांचा चेहरा बघवेना. आयुष्यात एकच गोष्ट त्यांची म्हणून होती, ती ताटातून उचलून माझ्या ओटीत घातली. मी नाही म्हणणार होते. तेवढ्यात आक्काच हळू आवाजात म्हणाल्या, "धर. जमीन काय त्यांची एकल्यांची न्हाई." आणि पाभर चालू झाली तशा त्या माझ्या बरोबरीनं, ढेकळातून, अनवाणी चालल्या. "करंगळी मिटून घे. अंगठ्यानं सोड. वळणावर मूठ आवळ. बैलाकडं बघू नको, चाड्याकडं बघ." शेवटच्या ओळीपर्यंत. उगवण बघितली तेव्हा ओळी जवळजवळ आक्कांसारख्याच आल्या होत्या, आणि घरात सगळ्यांनी माझं कौतुक केलं. मला ते कौतुक उलटून त्यांच्या तोंडावर फेकावंसं वाटलं.

आता सांगा, त्या वर्षी टारफुला यायला नको होता ना? भरल्या पोटाची मूठ, नवीकोरी सून, ओटीबिटी सगळं रीतसर. आला. भाद्रपदात आला, आणि असा आला की मागल्या वर्षीचा बरा म्हणावा. पट्ट्याच्या पट्ट्या पांढऱ्या. कणसं भरलीच नाहीत.

मी वाट बघत होते कोण मला बोलतंय याची. मनातल्या मनात तयारी करून बसले होते. कुणी चकार शब्द काढला नाही. शेवटी मीच आत्याबाईंपुढं जाऊन उभी राहिले. "आत्याबाई, यंदा मूठ माझी हुती."

त्या लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुझी हुती गं. पर तिची मागली मूठ जमिनीत हाय अजून. ती सोडल का इतक्यात?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. यातली वाईट गोष्ट काय माहीत आहे? बी जमिनीत वर्षानुवर्षं टिकतं हे खरंच होतं. टारफुल्याचं बी. ते बी त्यांनीच बैलाच्या पोटातून, उकिरड्यातून शेतात पेरलं होतं, आणि खापर फोडायला आक्कांचा हात. म्हणजे आक्का पेरोत न पेरोत, दोष त्यांचाच. अशा न्यायापुढं बाई काय करणार? मी म्हटलं, "मग मी बी उद्या वांझ ठरन." आत्याबाईंनी लसणाची पाकळी खाली टाकली आणि म्हणाल्या, "पोटुशी बाईनं असलं बोलू नये." माझ्या काळजीनं बोलल्या. तीच तर गंमत. त्या दुष्ट नव्हत्या. त्यांना मनापासून तसंच वाटत होतं, आणि दुष्ट माणसाशी भांडणं सोपं असतं.

त्याच महिन्यात पाहुणे आले. इंद्रायणीपलीकडचे एक शेतकरी, त्यांची मुलगी लग्नाची. मामंजींनी त्यांना ओसरीवर बसवलं, आत्याबाईंनी पोहे केले, आणि आम्हां दोघींना शेतात पिटाळलं. म्हणजे बायकोनं टारफुला उपटत बसायचं आणि घरी तिच्या नवऱ्याची सोयरीक ठरवायची. आक्का खाली मान घालून उपटत राहिल्या. उपटलेल्या रोपांचा ढीग वाढत गेला.

उन्हं कलायच्या आत पाहुणे मामंजींबरोबर बांधावर आले. मुलगी द्यायची तर जमीन बघायची, रीतच ती. दणकट माणूस, डोक्याला मुंडासं. शेतात चार पावलं टाकली आणि थांबला. वाकून एक रोप उपटलं, मुळाला लोंबणारं जोंधळ्याचं मूळ बघितलं, आणि मामंजींना विचारलं, "जोंधळ्यावर जोंधळा किती वरसं करताय?"

मामंजी काहीतरी पुटपुटले.

"जमीन खाऊन टाकलीसा तुमी," पाहुणा म्हणाला. "माझी पोर काय जल्मभर टारफुला उपटाय दिऊ?" हातातलं रोप बांधावर टाकलं, हात झटकले आणि चालता झाला. चहासाठी थांबलाच नाही.

सोयरीक मोडली. आक्का वाचल्या. मी आनंदानं त्यांच्याकडे पाहिलं, पण त्यांच्या तोंडावर आनंद नव्हता. तो माणूस त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभा होता. आपली मुलगी जिच्या डोक्यावर आणून बसवायची, ती बाई तिथंच खाली बसलेली, आणि त्यानं बांधावरच्या दगडाकडे बघावं इतकंही तिच्याकडे बघितलं नाही. त्याला वाईट वाटलं ते जमिनीचं. माणसाचं वाईट वाटायचं त्या लोकांना कुणी शिकवलंच नव्हतं.

मामंजींचं नाक कापलं गेलं. आणि नाक कापलं गेल्यावर जे झालं त्यानं मला जास्तच संताप आला. आम्ही घसा कोरडा करून सांगत होतो ते सगळं एकदम खरं झालं. गोवऱ्या विकणं बंद. गाड्या भरभरून शेणखत शेतात पडलं. जोंधळा नाही, भुईमूग पेरला. उपटलेलं गवत गव्हाणीत टाकायचं नाही, बांधावर जाळायचं, असं मामंजींनीच फर्मान काढलं, आणि आत्याबाईंनी मान हलवली, जणू जाळायची कल्पना त्यांना आजच कुणी सांगितली. पुरुषानं, तेही परक्या पुरुषानं, अपमान करून सांगितलं की पटतं. घरच्या बाईनं हात जोडून सांगितलं की बापाचं कुरण निघतं.

भुईमुगात टारफुल्याची खोड मोडली. त्याला चोखायला जोंधळ्याचं मूळ लागतं, ते मिळेना. मग एक वर्ष तूर, त्यात हुलगा. पुन्हा जोंधळा पेरला तोवर माझा थोरला दुडूदुडू पळायला लागला होता. मूठ अजून माझ्याकडेच होती. आक्कांना कुणी परत दिली नाही, आणि मी दोनदा चाडं सोडून बाजूला झाले तर आत्याबाईंनी पेरणीच थांबवली. पण जोंधळा काय आला म्हणता, बैल दिसेनासे व्हावेत इतका उंच, ताटं हिरवीगार, पानं तलवारीसारखी. टारफुला शोधावा लागत होता. ओढ्याच्या कोपऱ्यात आणि वाटेच्या बाजूच्या ओळींत चुकार रोपं, बस. गावात मामंजींचं नाव झालं. धाकटीच्या मुठीला गुण आहे असं आत्याबाई सांगत सुटल्या. आक्कांनी तीन हंगाम राबून विहिरीजवळच्या शेतातलंसुद्धा एकेक रोप जाळलं होतं, त्यांचं नाव कुणाच्या तोंडात नव्हतं.

आणि मग आत्याबाई एका सकाळी चुलीपुढं म्हणाल्या, "आता जमिनीला कोन नावं ठेवनार न्हाई. थोरल्याचं बघून टाकू या." दुसरे पाहुणे ठरले सुद्धा. खेडच्या बाजूचे. आठवड्याच्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी यायचे होते. थोरले दीर तिथंच भाकरी खात होते. त्यांनी ऐकलं. भाकरी खाल्ली. बैल सोडले.

म्हणजे बघा, शेत नासलं होतं तर आक्कांचा दोष, आणि शेत सुधारलं तर आक्कांना हाकलायची सोय. मला त्या दिवशी काम सुचेना. आक्का मात्र नेहमीसारख्या खुरपं घेऊन शेतात गेल्या, मीही गेले. वाटेच्या बाजूच्या ओळी आक्कांनी घेतल्या. त्या पुढं सरकत होत्या, मी शेजारच्या ओळीत. कुर्डू काढला, हराळीच्या मुळ्या ओढून ओढून काढल्या, मागं एक काडी राहू दिली नाही. आणि टारफुला दिसला की खुरपं त्याला वळसा घालून पुढं जायचं. आधी मला वाटलं, नजर चुकली असेल. पण आक्कांची नजर चुकणं म्हणजे सूर्य चुकण्यासारखं. मी वाकून एक रोप धरलं, तशी त्यांनी माझं मनगट पकडलं.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या.

"आक्का, फुलावर हाय. बी पडंल."

"पाव्हना यिऊन जाऊ दे."

मी मागं वळून पाहिलं. पाहुणा ज्या वाटेनं येणार होता, त्या सगळ्या बांधाकडेनं पांढरी फुलं उभी होती. स्वच्छ खुरपलेल्या जमिनीत एकेक रोप राखलेलं. किती दिवस त्या ते राखत होत्या कोण जाणे. मी हात मागं घेतला. मला आजही त्याचं काही वाईट वाटत नाही. वाईट वाटायचं त्यांना वाटू दे.

पाहुणे आले, बांधावरून चालले, वाकले, एकमेकांकडे पाहिलं. पोहे खाल्ले, चहा प्याले, गोड बोलले आणि पुढं निरोपच आला नाही. आत्याबाई महिनाभर निरोपाची वाट बघत होत्या.

पाहुणे गेले त्याच दुपारी आक्का शेतात धावत गेल्या. मी मुलाला कडेवर घेऊन मागोमाग. त्या ती रोपं उपटत होत्या, पदरात घेत होत्या, अगदी हळू, सांडू नये म्हणून. पण उशीर झाला होता. खालची बोंडं फुटली होती. रोप हलवलं की बारीक काळसर धूळ जमिनीवर पडायची, आणि ती काही वेचता येत नाही. आक्का गुडघ्यांवर बसल्या आणि रडल्या. वांझ म्हणाले तेव्हा न रडलेली बाई. मूठ काढून घेतली तेव्हा न रडलेली बाई. "माझ्या हातानं गं," एवढंच म्हणत होत्या. "माझ्या हातानं नासवलं मी."

मी त्यांना घरी आणलं. दिवेलागणीला पुरुष जेवायला बसले. आमच्यात धाकट्या सुनेनं थोरल्या दिराशी बोलायचं नसतं, समोर जायचं तर पदर ओढून. मी पदर मागं टाकला आणि त्यांच्या ताटासमोर जाऊन उभी राहिले. मी म्हटलं, "दादा, तुमच्या न निघालेल्या एका शब्दापायी त्या बाईनं आज आपलं शेत नासवलं. आता तरी बोला. दुसरी नको म्हना. आईसमोर म्हना."

आक्का चुलीशी होत्या. त्यांचा भाकरी थापायचा आवाज थांबला. थोरल्या दिरांनी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं, मग ताटाकडे. भाकरीचा तुकडा मोडला. त्यांचे ओठ हलले, आणि खरं सांगते, मला वाटलं आता निघतो शब्द.

"कालवण हाय का अजून?" ते म्हणाले.

आणि आक्का वाढायला उठल्या.